मंदीत कच्चा माल किती घ्यावा, कसा घ्यावा: नागपूरच्या लहान कारखानदारांसाठी

मंदी आधी वसुलीत दिसते, ऑर्डरबुकात नंतर. साठ दिवसांत पैसे देणारी पार्टी पंचाहत्तरवर जाते, मग नव्वदवर. ऑर्डर अजून येत असतात, मशिनं चालू असतात, म्हणून मालकाला वाटतं की आपलं ठीक चाललंय. नेमका त्याच सुमारास इतवारीच्या बाजारातून दलालाचा फोन येतो: "भाऊ, भाव पडला आहे, दोन गाड्या उचलून ठेवा, असा भाव पुन्हा भेटणार नाही." हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर इथल्या बऱ्याच लहान युनिटांचं गणित या फोनपासून बिघडतं.

मंदीत कारखाना तोट्याने नंतर मरतो, आधी मरतो तो हातात रोकड नसल्यामुळे. ही रोकड मुख्यतः दोन ठिकाणी अडकते: आपल्या गोदामात आणि पार्टीकडे. म्हणून या लेखात माझा आग्रह एकच आहे. मंदीत कच्चा माल भाव बघून घ्यायचा नाही, हातातली ऑर्डर बघून घ्यायचा. ते कसं जमवायचं, ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम: पैसा किती दिवस बाहेर असतो ते मोजा

एक कागद घ्या आणि चार आकडे काढा. कच्चा माल गोदामात सरासरी किती दिवस पडून राहतो, शॉपवर अर्धवट काम किती दिवस असतं, तयार माल डिस्पॅचची वाट किती दिवस बघतो, आणि बिल दिल्यावर पैसे किती दिवसांनी येतात. कच्च्या मालाचे दिवस काढायला शिल्लक मालाच्या किमतीला रोजच्या खपाच्या किमतीने भागायचं. उधारीचे दिवस काढायला एकूण येण्याला रोजच्या विक्रीने भागायचं. चारही आकड्यांची बेरीज करा आणि पुरवठादार तुम्हाला जितके दिवस उधार देतो तितके त्यातून वजा करा.

समजा हे आकडे ४५, १२, १८ आणि ७५ आले. बेरीज १५०. पुरवठादाराची उधारी ३० दिवसांची, म्हणजे उरले १२०. महिन्याचा एकूण खर्च २५ लाख असेल तर चार महिन्यांचा खर्च, म्हणजे ढोबळमानाने एक कोटी रुपये, कायम बाहेर अडकलेले आहेत. या चक्रातला एकेक दिवस साधारण ८३ हजारांचा आहे. तीस दिवस कमी केले तर २५ लाख मोकळे होतात, आणि मंदीत तेवढी रक्कम नव्या कर्जाने मिळवणं फार अवघड असतं. हा हिशेब महिन्याला एकदा करा. सीएकडे सोपवू नका, स्वतः करा. कोणता आकडा का वाढला, हे मालकाइतकं कोणालाच कळत नाही.

कोणता माल स्वस्त होतो आणि कोणता होत नाही

"मंदीत सगळं स्वस्त होतं" हा समज महागात पडतो. प्रत्येक कच्च्या मालाची चाल वेगळी असते.

ज्याचा भाव जगाच्या बाजारात ठरतो तो माल वेगाने आणि खोल पडतो. २००८ च्या जुलैमध्ये लंडनच्या बाजारात तांबं टनाला साडेआठ हजार डॉलरच्या वर होतं, डिसेंबरमध्ये ते तीन हजारांच्या आसपास आलं. त्याच सहा महिन्यांत कच्चं तेल बॅरलला १४७ डॉलरवरून ४० च्या खाली गेलं आणि प्लास्टिकचा दाणाही त्यामागे उतरला. जुलैत कोसळायला लागलेल्या भावात सप्टेंबरमध्ये "आता तळ आला" म्हणून ज्यांनी माल भरला, त्यांनी डिसेंबरपर्यंत पुन्हा मोठी घसरण पाहिली. रुपयाकडेही लक्ष हवं. त्या वर्षी डॉलर चाळिशीच्या घरातून पन्नाशीकडे गेला, त्यामुळे डॉलरमधली घसरण इथल्या भावात पूर्ण उतरली नाही.

लोखंडात दोन चाली आहेत. मोठ्या पोलाद कंपन्या आपले दर ठरावीक काळाने जाहीर करतात. स्पंज आयर्न आणि इंगटवर, म्हणजे ओतीव पोलादाच्या ठोकळ्यांवर, चालणाऱ्या रोलिंग मिलचा भाव मात्र रोज हलतो, आणि नागपुरात तो रायपूरच्या इंगटकडे बघून हलतो. अँगल, चॅनेल, टीएमटी सळ्या घेणाऱ्याने रायपूरचा रोजचा भाव वहीत लिहून ठेवावा. महिनाभराच्या नोंदी समोर असल्या की दलाल "आज चढला" म्हणाला तरी घाई होत नाही.

कोळसा आणि मँगनीज यांचं गणित आणखी वेगळं. वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कोळशाची आणि मॉइल ही मँगनीजची, या दोन्ही कंपन्यांची मुख्यालयं आपल्याच शहरात आहेत. कोळशाचा अधिसूचित दर मंदी आली म्हणून लगेच उतरत नाही. उतरतो तो ई-लिलावातला जादा भाव. मॉइलचे दर वेळोवेळी जाहीर होतात आणि पोलादाच्या मागणीमागे जातात, पण थोडे मागून. फेरोअलॉयवाल्याच्या तयार मालाचा भाव आधी पडतो आणि खनिजाचा नंतर. मधल्या काळात मार्जिन शून्यावर येतं, त्या काळापुरता साठा शक्य तितका पातळ ठेवावा. हे नवं नाही. १९२९ नंतरच्या महामंदीत युरोप-अमेरिकेतल्या पोलादभट्ट्या थंडावल्या आणि मध्य प्रांतातल्या मँगनीजच्या खाणी एकामागून एक बंद पडल्या. ते खनिज बहुतेक निर्यातीसाठीच काढलं जात होतं, इथे घेणारं कोणी नव्हतं. तुमचा माल शेवटी कोणाच्या भट्टीत जातो, हे शेजारच्या बाजारातल्या भावाइतकंच महत्त्वाचं आहे.

कापसाला खाली आधार आहे. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये आहे. बाजारभाव त्याखाली गेला की शेतकरी भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्राकडे वळतो, आणि ते अगदी योग्यच आहे. पण सुताच्या भावाला असा आधार नाही. जिनिंगवाल्याला, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्याला, कापूस हमीभावाच्या आसपास घ्यावा लागतो आणि रुईची गाठ पडत्या बाजारात विकावी लागते. क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. अशा हंगामात जिनिंगचा नफा-तोटा सरकीच्या भावावर ठरतो. रुईच्या खंडीचा भाव रोज बघणारे बरेच आहेत, सरकीच्या भावाची तितकीच काटेकोर नोंद ठेवणारे थोडे. महामंडळ जिनिंग-प्रेसिंगचं काम खासगी कारखान्यांना कंत्राटावर देतं. पडत्या हंगामात स्वतःच्या पैशाने कापूस भरण्यापेक्षा हे काम घेणं शहाणपणाचं.

कळमन्याच्या डाळ मिलवाल्याला मागणीची भीती कमी, कारण लोक वरण खायचं थांबत नाहीत. त्याचा धोका सरकारी धोरणात असतो. आयात खुली झाली, साठ्यावर मर्यादा आली की भरलेल्या तुरीचं गणित एका रात्रीत बदलतं. ऑर्डर बघून माल घेण्याचं सूत्र त्यालाही लागू आहे.

गोदाम मोजा

टॅलीतला साठा आणि जमिनीवरचा साठा जुळत नाही, हे प्रत्येक कारखान्यात खरं आहे. एका रविवारी कारखाना बंद ठेवून माल प्रत्यक्ष मोजा. प्रत्येक बंडलवर, शीटवर, ड्रमवर ऑइल पेंटने तीन गोष्टी लिहा: आवक तारीख, वजन, खरेदीचा दर. दर लिहायला स्टोअरकीपर कचरतो, तरी लिहायला लावा. साठ रुपये किलोने आलेली प्लेट समोर दिसते तेव्हाच कळतं की आज अठ्ठेचाळीसने मिळणारी नवी प्लेट आणून जुनी कोपऱ्यात सारणं म्हणजे काय.

मग तीन ढीग करा. तीस दिवसांत लागणारा माल, नव्वद दिवसांत लागणारा, आणि उरलेला. तिसऱ्या ढिगाला हळवेपणाने बघू नका. पुरवठादार बदलून देतो का ते विचारा, शेजारच्या युनिटला लागणारा आकार असेल तर त्याला द्या, नाहीतर भंगारच्या लिलावात काढा. तोटा होईल, पण तो आधीच झालेला आहे, फक्त वहीत लिहायचा राहिला आहे. वर्षअखेरीला साठा खरेदी किंमत आणि प्रत्यक्ष मिळू शकणारी किंमत यांतल्या कमी आकड्यानेच धरावा लागतो.

आता खरेदीची मर्यादा. पक्क्या ऑर्डरींना लागणारा माल, अधिक नवी गाडी येईपर्यंतच्या दिवसांचा खप, वजा हातातला साठा. एवढाच माल घ्यायचा. इथे "पक्की" या अटीवर मी अडून बसेन. लेखी पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, हवी, आणि ती देणाऱ्या पार्टीचं जुनं येणं मुदतीत हवं. ज्या पार्टीकडे नव्वद दिवसांहून जुनी थकबाकी आहे तिची पीओ कितीही मोठी असली तरी खरेदीच्या हिशेबात शून्य धरा. आपल्याच पैशाने तिला आणखी उधार देण्याचं ते निमंत्रण असतं.

अपवाद मोजके आहेत. आयातीला दोन-तीन महिने लागणारा माल, एकाच ठिकाणी मिळणारा सुटा भाग, आणि असा पुरवठादार जो स्वतःच बंद पडण्याच्या बेतात आहे. या तिन्हींत थोडा जास्त साठा चालेल.

रोखीच्या सवलतीचं काय? तीस दिवसांची उधारी सोडून रोख दिल्यास दोन टक्के सूट मिळत असेल तर ती वर्षाला सुमारे चोवीस टक्के पडते. कॅश क्रेडिटच्या, म्हणजे बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाच्या, व्याजापेक्षा ती बरीच जास्त, म्हणून कागदावर सूट घेणं फायद्याचं. पण मंदीत आधी बघायचं की दोन महिन्यांचे पगार, वीजबिल आणि बँकेचा हप्ता बाजूला राहतो का. राहत असेल तरच घ्या.

पडत्या भावात सौदा

एकदम मोठा सौदा करू नका. महिन्याची गरज चार गाड्यांत विभागा आणि दर डिस्पॅचच्या दिवसाचा ठरवा. बयाणा देऊन भाव बांधून ठेवणं तेजीत कामाचं, पडत्या बाजारात तो बयाणा आपल्याच गळ्यात येतो. विक्रीच्या बाजूने उलट करायचं: कोटेशनची मुदत सात दिवस ठेवा आणि पीओ आली त्याच दिवशी तेवढा माल बुक करा.

कोराडी, खापरखेडा वीज केंद्रांना किंवा वीज कंपन्यांना लागणारी साधनं बनवणाऱ्यांच्या कंत्राटांत भावफरकाचं सूत्र असतं, इमा या वीज-साधन उत्पादकांच्या संघटनेच्या निर्देशांकांवर आधारलेलं. हे सूत्र दोन्हीकडे चालतं. भाव पडला की बिलही कमी होतं. जुन्या चढ्या दराचा माल गोदामात आणि बिल नव्या पडक्या निर्देशांकाने, ही जोडी फार नुकसान करते. निविदेतली आधारतारीख आणि तुमच्या खरेदीची तारीख एकमेकींच्या जवळ ठेवा.

मोठ्या पार्ट्या पडत्या बाजारात जुन्या पीओवरही दर कमी करा म्हणतात. द्यावा लागला तर आधी झालेल्या डिस्पॅचला लागू नाही हे लेखी घ्या, आणि जीएसटीची क्रेडिट नोट वेळेत काढा, नाहीतर भरलेला कर अंगावर पडतो. गाडी आली की स्वतःच्या ओळखीच्या धर्मकाट्यावर तोला. मार्जिन आटलं की वजनात आणि ग्रेडमध्ये फरक पडायला लागतो. टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या घाण्याचा क्रमांक, प्लेटवरच्या पंचिंगशी जुळवून घेणं हे दोन मिनिटांचं काम आहे.

बँकेची बाजू

भाव पडला की बँकेची मर्यादाही पडते, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येतं. साठ टन पोलाद साठ रुपयांनी ३६ लाखांचं. बँकेचं पंचवीस टक्के मार्जिन कापून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खात्यातून उचलता येणारी रक्कम, २७ लाख. भाव अठ्ठेचाळीसवर आला की तोच साठा २८ लाख ८० हजारांचा आणि ड्रॉइंग पॉवर २१ लाख ६० हजार. एक किलो माल न हलता पाच लाख चाळीस हजार बँकेत भरायची वेळ आली. शिवाय नव्वद दिवसांहून जुनी उधारी बँका सहसा धरत नाहीत, आणि ज्या मालाचे पैसे पुरवठादाराला दिलेले नाहीत तोही वजा होतो. साठा पातळ असला तर हा फटका बराच कमी बसतो.

इथे बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये जुनाच भाव लावायचा मोह होतो. कृपा करून तसं करू नका. स्टॉक ऑडिटमध्ये ते उघडं पडतं आणि अडचणीतला प्रामाणिक कर्जदार फसवणुकीच्या प्रकरणात जातो. त्यापेक्षा आधीच मॅनेजरकडे जा. हप्ता चुकला की खातं लगेच ताणाखालचं म्हणून नोंदलं जातं, तीस आणि साठ दिवसांवर पुढच्या पायऱ्या आहेत, नव्वद दिवसांनंतर ते एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेने एमएसएमईंच्या, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, पुनरुज्जीवनाची चौकट दिली आहे. २५ कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी बँकेच्या समितीकडे कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. तो अर्ज खातं एनपीए होण्याआधी करायचा, सोबत पुढच्या बारा महिन्यांची रोकड येणी-जाणी मांडून.

वसुली

वसुलीचा फोन मालकाने करावा, शक्य तर स्वतः जावं. पूर्ण रक्कम मागण्यापेक्षा तारखांसह तीन हप्ते मागा. पार्टीकडे तुमच्या उपयोगाचा माल असेल तर तो घ्या, बिल मात्र रीतसर करा.

कायदा तुमच्या बाजूचा आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून या कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे जाते, आणि निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते. सरकारकडची उद्यम नोंदणी पहिल्या डिस्पॅचच्या आधीचीच असू द्या आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. निव्वळ व्यापार करणाऱ्यांना, म्हणजे गांधीबाग-इतवारीच्या व्यापाऱ्यांना, या तरतुदीचा लाभ नाही, त्यांनी उधारीची मर्यादा आधीच आखावी. आयकरातही मुदत उलटूनही वर्षअखेरपर्यंत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात आठवणीचं पत्र पाठवणं कामाचं ठरतं.

परिषदेकडे गेलं की पार्टी तुटते, ही भीती खरी आहे. म्हणून मोठी पार्टी असेल तर आधी ट्रेड्सचा, म्हणजे बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचाचा, मार्ग बघा. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी बंधनकारक आहे. तुमचं बिल त्यांनी तिथे मान्य केलं की बँक ते वटवून पैसे देते, आणि मुदतीला खरेदीदाराने पैसे दिले नाहीत तर बँक तुमच्याकडे परत येत नाही. आणि आपण पुरवठादाराचे पैसे १८० दिवसांत दिले नाहीत तर त्यावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं, हेही डोक्यात असू द्या.

जॉबवर्क घ्या

कच्च्या मालाच्या भावाचा धोका पूर्ण टाळायचा असेल तर माल पार्टीचा आणि मजुरी आपली. उलाढाल कमी दिसते, बँकेच्या मॅनेजरला ते आवडत नाही, पण मशिन चालतं, कारागीर टिकतात आणि रोकड अडकत नाही. मंदीत मजुरीचं काम कमीपणाचं मानू नये. चलानवर आलेला माल वर्षाच्या आत परत गेला पाहिजे. भंगार कोणाचं आणि वाया जाणाऱ्या मालाचं प्रमाण किती, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. जॉबवर्कमधली भांडणं मजुरीवरून क्वचितच होतात, बहुतेक या दोन गोष्टींवरून होतात.

वीजबिलात मंजूर मागणी, म्हणजे मंजूर करून घेतलेला वीजभार, बघा. दोन पाळ्यांऐवजी एक चालत असेल तर न वापरलेल्या मागणीचा आकार भरण्यापेक्षा ती कमी करून घ्या, पण पुन्हा वाढवायला वेळ आणि खर्च लागतो हे लक्षात ठेवून. माणसांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. चांगला वेल्डर, फिटर, वाइंडर सोडू नका. ओव्हरटाइम आणि पाळ्या कमी करा, मशिनांची राहिलेली दुरुस्ती त्यांच्याकडून करून घ्या. त्यांचा पगार तारखेला द्या, मालकाने स्वतःचा मागे ठेवावा.

बाजार फिरतो तेव्हा

मंदीतून तरलेली काही युनिटं तेजीच्या पहिल्या सहा महिन्यांत अडकतात. भाव चढू लागतो, पुरवठादार उधारी आखडतो, ऑर्डर एकदम वाढतात आणि चक्र पुन्हा १२० दिवसांवर जातं. फिरण्याची चिन्हं साधी आहेत: रायपूरचा भाव सलग चढतो, वाडीच्या ट्रान्सपोर्टनगरात गाडी मिळायला वेळ लागतो आणि भाडं वाढतं, जुन्या पार्ट्या आपणहून थकबाकी मिटवायला लागतात. शेवटचं चिन्ह मी सर्वांत विश्वासाचं मानतो. ही तिन्ही दिसली की साठा पंधरा दिवसांवरून तीस दिवसांवर न्या, त्याहून जास्त नाही. पहिल्या मोठ्या ऑर्डरवर तीस टक्के आगाऊ मागा, आणि ते बँकेत जमा झाल्यावरच पोलादाची गाडी बुक करा.